गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा काही चांगलं सापडलं का कुणाला?

डिचोलीकर: सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, २०१८ च्या मार्चात खाणी बंद, माझा ट्रक दारात आणि हप्ते चालूच. घरचे म्हणायचे आहे त्याचे आभार मान, मला तर रागच यायचा. तुमचं काय?

सत्तरीवाला: ट्रक विकला रे, रडत रडत. मग वडलांच्या कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, बुजलेला पाट उपसला, सुपारी होतीच, तिच्यावर मिरवेल चढवली, मधे केळी. खाणीएवढा पैसा नाही, खोटं कशाला बोलू, पण मिरी सुकवून ठेवता येते, भाव आला की विकायची.

माई: आभार नंतर, आधी बँकेत जाऊन हप्त्यांचं बोल बाबा. आमच्याकडे माझ्या शिवणाच्या पैशांवर घर चाललं, तेव्हा ह्यांना मशीन दिसली 😀

सत्तरीवाला: खरंय माई. आणि धूळ गेली, दोरीवरचे कपडे पांढरे राहायला लागले.