मदत हवी आहे: सहा माणसं, एक लॅब्रेडॉर आणि सततची धूळ. व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा?

पारिजातक

पुण्यात सिंहगड रस्त्यालगत तिसऱ्या मजल्यावर घर आहे, साधारण ११०० चौरस फूट. समोर इमारतीचं बांधकाम सुरू आहे. सगळीकडे टाइल्स, हॉलमध्ये एक ५ बाय ७ फुटांचा गालिचा, कापडी सोफा, दोन कापसाच्या आणि दोन कॉयरच्या गाद्या. सासऱ्यांना दमा आहे. मुलं ४ आणि ७ वर्षांची, शिवाय कुत्रा. मशीन बहुतेक वेळा कामाला येणाऱ्या मावशी चालवतील.

बजेट १५,००० रुपये. प्रश्न असे:

१. २००० वॅटचं घेतलं तर जास्त चांगलं ओढेल का?
२. नळीवालं, बिनवायरचं उभं, की रोबो?
३. हेपा फिल्टर दम्यासाठी खरंच उपयोगी आहे का?
४. रांगोळी आणि पीओपीची धूळ ओढली तर चालते का?

केरसुणी

वॅटचं आधी. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. धूळ किती ओढतं ते मोटरच्या पंख्यावर, नळीच्या रुंदीवर, ब्रशच्या तोंडावर आणि मधल्या सगळ्या सांध्यांवर ठरतं. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमला ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि तिथे तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असतात.

उलट जास्त वॅटची एक अडचण आपल्या घरात नक्की येते. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर घेतं. बेडरूममधले छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असतात. १६ अँपिअरचा मोठा प्लग मिळतो तो एसी, गीझर किंवा फ्रिजजवळ. मग लोक एक्स्टेन्शन बोर्ड लावतात आणि त्याची पिन तापून काळी पडते. १००० वॅटला ४.३ अँपिअर लागतात, म्हणजे कुठल्याही खोलीत बिनधास्त लावता येतं. तुमच्या घराला १००० ते १२०० वॅट पुरेत.

खोक्यावर दोन आकडे शोधा. एक सक्शन, किलोपास्कलमध्ये: नळीवाल्या मशीनला १८ ते २२ असावं. हा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात, म्हणून तो एकटा पुरत नाही. दुसरा हवेचा प्रवाह, लिटर प्रति सेकंद: ३० च्या पुढे असेल तर उत्तम. रोबोवर ‘५००० पास्कल’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते म्हणजे फक्त ५ किलोपास्कल. तुलना करताना एकक बघा.

आता दमा. एच१३ दर्जाचा हेपा फिल्टर सर्वांत कठीण आकाराचे, म्हणजे साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९५ टक्के अडवतो. ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपा सारखा’ लिहिलं असेल तर दर्जा काहीच कळत नाही, ते सोडून द्या. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी झाकणाचं रबर सैल असेल तर हवा बाजूनेच निसटते. दुकानात मशीन चालू करायला लावा, ब्रशचं तोंड तळव्याने थोडं दाबा आणि दुसरा हात झाकणाच्या कडेने फिरवा. मागच्या जाळीशिवाय कुठेही वाऱ्याची झुळूक लागता कामा नये.

आणि दमा असलेल्या घरात पिशवीवालं मशीन घ्या, डब्याचं नको. डबा रिकामा करताना अडकवलेली बारीक धूळ पुन्हा हवेत उडते, ती सगळी मेहनत वाया घालवते. त्यातही धुऊन वापरायची कापडी पिशवी नको. ती झटकताना तेच होतं. एकदा वापरून टाकायची न विणलेल्या कापडाची पिशवी हवी. मशीन घ्यायच्या आधी त्याच दुकानात पिशव्यांच्या पाकिटाची किंमत विचारा आणि पाकीट हातात घेऊन बघा. पिशवी मिळत नाही म्हणून माळ्यावर गेलेली मशीन्स फार.

गादीवाला

गाद्यांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण दमा चाळवणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा तिथे असतात. धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) गादीच्या आत धाग्यांना धरून बसतात, ते व्हॅक्यूमने फारसे निघत नाहीत. निघते ती त्यांची विष्ठा आणि आपली गळलेली त्वचा, आणि ॲलर्जी मुख्यतः त्या विष्ठेची असते. म्हणून फायदा होतो, पण हळू ओढलं तरच. गादीचं अरुंद तोंड लावून १ मीटरला ४ ते ५ सेकंद, आधी उभं मग आडवं. शिवणी आणि कडेच्या पायपिंगवर फटीचं चपटं तोंड. कापसाच्या गादीवर सक्शन कमी करा (हँडलवर हवा सोडायची सरकपट्टी असते ती उघडा), नाहीतर खोळ आत ओढली जाते आणि टाके उसवतात.

चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुतल्याने माइट्स मरतात. हे केल्याशिवाय नुसतं मशीन पुरणार नाही. गाद्यांवर मशीन फिरवताना सासरेबुवा दुसऱ्या खोलीत असावेत, नंतर अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा. समोरचं बांधकाम बंद असेल अशी वेळ निवडा.

लोकरीचा गुंडा

कुत्र्याच्या केसांसाठी रोज मशीन फिरवावं लागतं, आणि नळीवालं मशीन रोज कुणी काढत नाही. माझं मत बिनवायरच्या उभ्या मशीनला आहे. पण १५,००० मध्ये घेताना तीन गोष्टी तपासा. बॅटरी बाहेर काढता येते का, सुटी मिळते का आणि कितीला. खोक्यावरची ४० मिनिटं ही सर्वांत मंद वेगावरची असतात. पूर्ण वेगावर बहुतेक मशीन १० मिनिटांच्या आसपास संपतात. आणि फिरता ब्रश मोटरवर चालतो का, कारण तो नसेल तर लॅब्रेडॉरचे आखूड टोकदार केस गालिच्यातून निघत नाहीत.

रोबो मात्र तुमच्याकडे आत्ता नको. खाली पडलेली खेळणी, चार्जरच्या वायरी, गालिच्याच्या झालरी, २ सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठे, सगळीकडे तो अडकतो. कुत्र्याने कधी घरात घाण केली तर तीच घरभर पसरवतो. शिवाय गाद्या, सोफा, पंखे हे तुमचं मुख्य काम त्याच्याने होणार नाही.

केरसुणी

@लोकरीचा गुंडा, रोजच्या वापराचा मुद्दा बरोबर आहे, पण या बजेटमधल्या बिनवायरच्या मशीनना पिशवी नसते. डबा रोज रिकामा करायचा म्हणजे रोज धूळ उडणार. दमा आहे म्हणून मी नळीवाल्यावर ठाम आहे. केसांसाठी वेगळा टर्बो ब्रश घ्यावा. तो मोटरशिवाय, आत येणाऱ्या हवेनेच फिरतो. घेताना पाइपचा व्यास मोजा, बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटर असतो. सोफ्यासाठी छोटा टर्बो ब्रश मिळाला तर तोही. रोज फक्त गालिचा आणि सोफा, दहा मिनिटांचं काम आहे.

नळदुरुस्ती

चौथा प्रश्न राहिलाच. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, पीओपी आणि सिमेंट त्याहून बारीक. ही धूळ पिशवीच्या आणि फिल्टरच्या छिद्रांवर थर धरते आणि पाच मिनिटांत सक्शन अर्ध्यावर येतं. पीओपीला ओल लागली तर थर घट्टच बसतो. त्यामुळे आधी सुपलीत झाडून भरा, उरलेल्यावर ओलं फडकं. सांडलेलं पीठही तसंच. धुपाची किंवा अगरबत्तीची राख पूर्ण थंड झाल्याशिवाय अजिबात नाही, आत निखारा राहिला तर पिशवी पेटते.

लहान मुलं आहेत, दूध-पाणी सांडणार, म्हणून ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या मशीनचा विचार कराल, तर हे लक्षात ठेवा: पाणी ओढायच्या आधी कागदी पिशवी आणि सुका फिल्टर काढून फोमचा फिल्टर लावायचा. टाकी भरली की आतला तरंगता गोळा वर येऊन हवा बंद करतो. आवाज एकदम चढतो, तेव्हा लगेच बंद करून टाकी ओता आणि उघडी वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबूस वास. अशा मशीनने सोफा शॅम्पू होत नाही. ते पाणी फक्त ओढतं, फवारत नाही. आणि साध्या सुक्या मशीनने ओली फरशी चुकूनही ओढू देऊ नका.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. पिशवीवालं, नळीवालं, १००० ते १२०० वॅट, एच१३ आणि वेगळा टर्बो ब्रश, असं ठरवतेय. मावशींना शिकवताना काय सांगू? आणि सक्शन कमी झालं तर आधी काय बघायचं?

नळदुरुस्ती

मावशींना हे दाखवा. वायर पिवळ्या खुणेपर्यंत पूर्ण बाहेर काढायची, लाल खुणेच्या पुढे ओढायची नाही. अर्धी वायर आत गुंडाळलेली ठेवून तासभर चालवलं तर ती तापते. मशीन नळी धरून ओढत न्यायचं नाही, नळी हँडलजवळ फाटते ती यानेच. वरून खाली: आधी पंखे आणि खिडक्यांच्या जाळ्या, मग सोफा-गाद्या, मग फरशी, शेवटी पुसणं. पिशवी पाऊण भरली की बदलायची, तोंडापर्यंत भरू द्यायची नाही.

सक्शन कमी झालं तर याच क्रमाने बघा. पिशवी. मग मोटरच्या आधीचा स्पंज. तो धुऊन २४ तास सावलीत वाळवायचा, ओला लावला तर कुबट वास येतो आणि ओल मोटरपर्यंत पोचते. त्यासाठी दुसरा स्पंज आणून ठेवा. हेपा मात्र पुस्तिकेत ‘धुता येतो’ असं लिहिलं असेल तरच धुवा. नंतर नळी: दोन्ही टोकांनी सोडवून उभी धरा आणि वरून पाच रुपयांचं नाणं टाका. खालून पडलं नाही तर मध्ये पायमोजा किंवा क्रेयॉन अडकलाय. झाडूची काठी जोरात घालू नका, नळी आतून फाटते; नळी ताणून-आखडून हलवा. शेवटी टर्बो ब्रश: गुंडाळलेले केस रोलरच्या लांबीत कात्रीने कापून काढा, टोकाच्या बेअरिंगमधलेही.

मध्येच आपोआप बंद पडलं तर बहुधा उष्णतेचा कटआउट उडालाय. प्लग काढा, तासभर थांबा आणि अडथळा कुठे आहे तो शोधा, नाहीतर पुन्हा पडेल. मागच्या जाळीतून सतत ठिणग्या किंवा जळका वास आला तर बहुधा मोटरमधले कार्बन (मोटरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजलेत. ते जोडीने बदलतात, एकच बदलायचा नाही.