मदत हवी आहे: एकाच नावात दोन भाषा असतील तर लेबल काय लावायचं?

नमस्कार मंडळी,

घराण्याची वंशावळ आणि गावच्या जुन्या हस्तलिखित याद्या यांतली नावं गेलं वर्षभर टंकतोय. नाव मुळात कुठल्या भाषेतलं असावं हे सांगणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलाय. नावाचे दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे तुकडे (एन-ग्रॅम) पाडतो आणि त्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशन (उदाहरणांवरून शिकून वर्गवारी करणारी सांख्यिकी पद्धत) लावतो. 'फर्नांडिस', 'डिसोझा' बिनचूक येतात.

घोडं अडतं ते आपल्याच नावांपाशी. माझ्या पणजोबांचं नाव हैबतराव. 'हैबत' मूळ अरबी, फारसीमार्गे आलेला; 'राव' संस्कृत 'राजा'पासूनचा. प्रोग्रामने नुसता 'फारसी' शिक्का मारला आणि खरंच वाईट वाटलं. 'बाळाप्पा'त बाळ आपला, अप्पा कन्नड. 'चिटणीस'मधला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. 'हुबळीकर'ला शेवटचा 'कर' दिसला की मराठी ठरवून मोकळा, गावाचं नाव कन्नड असलं तरी! ट्रेनिंगच्या यादीत (जिच्यावरून प्रोग्राम शिकतो) प्रत्येक नावाला मी एकच भाषा दिली आहे, तिथेच चुकलं का?

आणखी एक. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोनदा मोजलं जातं. दिसायला दोन्ही अगदी सारखी.

प्रतिसाद १

हो, तिथेच चुकलंय. लेबल नावाला नको, तुकड्याला द्या: हैबत/राव, बाळ/अप्पा, हुबळी/कर. आधी राव, जी, अप्पा, कर, नीस असे शेपटाचे घटक हाताने वेगळे काढा. यादी लहानच असते. मग उरलेल्या भागावर मॉडेल चालवा. आपोआप तुकडे पाडायचे असतील तर मॉर्फेसर हे साधन वापरून बघा, पण थोडक्या नावांवर हातकामच बरं. चाचणीसाठी नावं बाजूला काढताना 'दौलतराव' ट्रेनिंगमध्ये आणि 'दौलतजी' चाचणीत असं होऊ देऊ नका. मूळ शब्दानुसार गट पाडा, नाहीतर अचूकता फुगलेली दिसेल.

'ऱ्ह'चं कारण टंकनात आहे. कुणी 'ऱ' आणि हलन्त टंकतं, कुणी 'र', हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह). एनएफसी (युनिकोड मजकूर एका ठरावीक रूपात आणण्याची पद्धत) केल्याने हे एक होत नाही. दुसऱ्या प्रकारच्या जागी पहिला स्वतःच बदलून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार! बदलून पाहिलं, 'कुऱ्हाडे' एकदाच येतंय. 'गोऱ्हे' आणि 'बोऱ्हाडे'सुद्धा जुळले. आता शेपटांची यादी करायला बसलोय. 'पंत' आणि 'बा' त्यात घेऊ ना?