जुन्या सीआरटी मॉनिटरला नव्या मिनी पीसीवर ८५ हर्ट्झ मिळत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. वडिलांचा नारायण पेठेत बरीच वर्षे डीटीपीचा व्यवसाय होता. त्या काळचा त्यांचा १७ इंची सीआरटी (जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा) मॉनिटर आजही उत्तम चालतो. संगणक मात्र गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. नव्या मिनी पीसीला फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहेत. वडील अजूनही मुद्रिते तपासतात आणि त्यांची नजर याच पडद्याला सरावलेली आहे, म्हणून नवा मॉनिटर घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

मॉनिटरला अ‍ॅनालॉग सिग्नल लागतो आणि एचडीएमआयमधून डिजिटल येतो, त्यामुळे नुसत्या केबलने भागणार नाही हे ठाऊक असल्याने मी तपकीर गल्लीतून एचडीएमआयवरून व्हीजीए (मॉनिटरची जुनी अ‍ॅनालॉग जोडणी) देणारा कन्व्हर्टर आणला. चित्र लगेच आले, पण विंडोजने आपणहून १९२० बाय १०८० निवडल्याने ४:३ पडद्यावर अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी उंच दिसू लागली. १०२४ बाय ७६८ केल्यावर आकार सुधारला, तरी यादीत ६० हर्ट्झखेरीज (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने रेखाटण्याखेरीज) पर्याय नाही. ६० वर पांढरे पान सतत लुकलुकते आणि अर्ध्या तासात वडिलांचे डोळे दुखू लागतात. पूर्वी आम्ही ८५ ठेवत असू. त्यासाठी आडवी वारंवारता (सेकंदाला रेखाटल्या जाणाऱ्या आडव्या ओळींची संख्या) सुमारे ६८.७ किलोहर्ट्झ लागते आणि मॉनिटरच्या मागे ३० ते ७० छापलेले आहे, म्हणजे दोष त्याचा नसावा. ८५ चे कस्टम रेझोल्यूशन तयार करून पाहिले, तर पडदा काळा होऊन हिरवा दिवा नारिंगी होतो.

दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. प्रत्येक कान्याच्या उजवीकडे फिकट राखाडी असा आणखी एक काना दिसतो, आणि अनुस्वारही जोडीने दिसतात. मुद्रिते तपासणाऱ्याला हे मुळीच चालणार नाही. मध्ये लावलेली तीन मीटरची जोडकेबल काढल्यावर सावली कमी झाली, गेली नाही. मॉनिटरच्या केबलला ९ क्रमांकाची पिन नाही, ती पुष्कळदा नसतेच. मॉनिटरची माहिती नेणाऱ्या १२ आणि १५ जागेवर आहेत.

डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए देणारा कन्व्हर्टर घेतल्यास ८५ हर्ट्झ मिळेल का? कुणी सीआरटीवर तसा प्रत्यक्ष वापरला आहे का? उरलेली सावली कन्व्हर्टरची की मॉनिटरला कायम जोडलेल्या केबलची, हे मॉनिटर न उघडता कसे ओळखावे? आत उच्च दाबाची वीज साठून राहत असल्याने तो मी स्वतः उघडणार नाही. अ‍ॅनालॉग आउटपुट असलेले जुने ग्राफिक्स कार्ड बसवायला मिनी पीसीत जागा नाही. पुण्यात सीआरटीचे काम अजूनही करणारे कुणी माहीत असल्यास तेही अवश्य कळवावे.