प्रति: पेटनचा विक्रम मोडला, मग तो थोर कसा?

एकानं म्हटलंय की अमेरिकन फुटबॉलमध्ये एमिट स्मिथनं २००२ साली वॉल्टर पेटनचा चेंडू घेऊन १६,७२६ यार्ड धावण्याचा विक्रम मोडला, तेव्हा पेटनला सर्वश्रेष्ठ म्हणण्यात अर्थ नाही. मला हे अजिबात पटत नाही.

नुसते यार्ड मोजले तर पेटन अर्धाच हाती लागतो. कडेच्या रेषेशी कोंडी झाली की बहुतेक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे खेळाडू) मुकाट्याने मैदानाबाहेर पाऊल टाकतात. पेटन उलट आत वळायचा, अडवायला आलेल्यालाच हाताचा दणका द्यायचा आणि आणखी दोन यार्ड काढायचा. चेंडू हातात नसला की क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूसाठी, ढाल व्हायचा. एवढा मार खाऊनही १३ हंगामांत सामना चुकला तो फक्त एक, तोही पहिल्या वर्षी! १९७७ मध्ये मिनेसोटाविरुद्ध तर फ्लू झालेला असताना २७५ यार्ड धावला.

आणि त्याचा संघ शिकागो बेअर्स त्याच्या उमेदीच्या काळात बऱ्यापैकी सुमार संघ होता, हेही धरा. सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकला थेट जानेवारी १९८६ मध्ये, ४६-१० असा. त्यात पेटनच्या नावावर एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण) नाही. गोलरेषेजवळ चेंडू दिला विल्यम पेरी या अगडबंब बचावपटूला. प्रशिक्षक माइक डिटका यांना पुढे त्याची खंत वाटली. मला ते आजही लागतं.

१९९९ मध्ये यकृताच्या आजाराने तो गेला. तोवर लोकांना अवयवदानाचं आवाहन करत होता. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा समाजकार्याचा पुरस्कार आज त्याच्याच नावाने दिला जातो.