मदत हवी आहे : फोनवरच्या अ‍ॅपने चालणारा गाडीतला हॅम रेडिओ घ्यावा का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, हॅमचा (म्हणजे हौशी बिनतारी रेडिओचा) परवाना आहे. कामासाठी दर आठवड्याला जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याला जातो. घाटात मोबाईलची रेंज जाते, पावसाळ्यात तर जीव टांगणीला लागतो. म्हणून गाडीत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा सेट बसवायचा आहे.

माझ्या गाडीत डॅशबोर्डवर जागाच नाही. म्हणून पडदा नसलेला, सीटखाली बसणारा आणि ब्लूटूथवरून अ‍ॅपने चालणारा सेट बघतोय. मित्राकडून तसा एक दोन दिवस आणला होता. आवाज छान, पण ऐन वळणावर घरून फोन आला आणि अ‍ॅप सुटलं. गाडी बाजूला घेऊन पुन्हा जोडेपर्यंत पाच मिनिटं गेली. फोनचा चार्जर लावला की रेडिओत कर्र्र आवाज येतो तो वेगळाच.

अनुभवी लोकांनी सांगा : अ‍ॅप बंद पडलं तरी नुसत्या हातातल्या माईकवरून चॅनेल बदलता येतो का? मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ५० वॅटने बोलताना सेटला १० अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणून वायर थेट बॅटरीवरून फ्यूज घालून घेणार आहे. चार्जरच्या आवाजावर फेराइटचा (वायरवर बसवतात त्या खरखर कमी करणाऱ्या कड्याचा) उपयोग होतो का? पाऊस वाढायच्या आत बसवायचंय, लवकर कळवा.