मदत हवी आहे: एडी हॅस्केलचा गोडबोलेपणा मराठीत कसा आणावा?

सप्रेम नमस्कार. १९५७ ते १९६३ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर चाललेल्या ‘लीव्ह इट टू बीव्हर’ या कृष्णधवल मालिकेच्या काही भागांसाठी मी माझ्या आईला वाचता येतील अशी मराठी उपशीर्षके घरच्या घरी तयार करीत आहे. वॉली आणि बीव्हर या भावांच्या खोड्या, अगदी जाहिरातफलकावरच्या सूपच्या कपात बीव्हर अडकतो तो प्रसंगसुद्धा, फारसे सायास न पडता मराठीत उतरतात. घोडे अडते ते वॉलीच्या मित्रापाशी, एडी हॅस्केलपाशी. या भावांची आई मिसेस क्लीव्हर समोर असताना हा मुलगा साखर पेरीत त्यांची स्तुती करतो आणि त्यांची पाठ वळताच बीव्हरला हिणवू लागतो. त्याच्या तोंडी ‘काकू’ घातले तर खोटेपणा लोपतो, ‘बाईसाहेब’ घातले तर तो एखाद्या जुन्या नाटकातला कारकून वाटतो. (आईने मात्र एक शब्दही न कळता त्याला ‘लबाड’ ठरवून टाकले.) शाळकरी मुलाला शोभेल, तरीही कानाला जरा जास्तच गोड लागेल, असे संबोधन कोणी सुचवू शकेल का? एखादे नमुन्याचे वाक्य दिल्यास अधिकच उपकार होतील.