ड्युअल-बूटमधलं घड्याळ: विंडोजला यूटीसीवर आणायचं की लिनक्सला लोकलवर?

लंबक: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, म्हणजे ड्युअल-बूट. यूटीसीच्या, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेच्या, तीन तास पुढचा टाइमझोन धरा. लिनक्समध्ये नऊ वाजलेत, विंडोजमध्ये गेलं की सहा. मदरबोर्डवरचं घड्याळ, म्हणजे आरटीसी, एकच. लिनक्स त्यात यूटीसी ठेवतं आणि विंडोज तोच आकडा लोकल, म्हणजे स्थानिक वेळ समजतं. बदल विंडोजमध्येच करावा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेईवाय-लोकल-मशीन, सिस्टम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, टाइमझोन-इन्फर्मेशन असं आत जा आणि 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' हा डीवर्ड (आकड्याची नोंद) 1 करा. मग रीस्टार्टच द्या (फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नुसतं शटडाउन पूर्ण बंद करत नाही), थेट लिनक्समध्ये जा, वेळ बरोबर आहे ना ते पाहा आणि 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी' चालवा, म्हणजे सिस्टमची वेळ आरटीसीत लिहिली जाईल.

टोला: एवढ्यासाठी रजिस्ट्री कशाला उकरायची? लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1', झालं. नको वाटलं तर 0. त्यामागे ॲडजस्ट-सिस्टम-क्लॉक मात्र जोडू नका. त्याने आरटीसीवरून सिस्टमची वेळ ठरते, आणि आपल्याला हवंय नेमकं उलट. शिवाय विंडोजमध्ये ॲडमिनचे अधिकार नसतील तर रजिस्ट्रीचा रस्ता बंदच.

लंबक: अधिकार नसलेल्या मशीनवर ड्युअल-बूट केलं कुणी? ती कमांड दिल्यावर नुसतं 'टाइमडेटसीटीएल' टाकून बघा. ही पद्धत पूर्णपणे चालवता येत नाही, असा इशारा तेच छापतं. उन्हाळी वेळ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात ती) लागू झाली की विंडोज आरटीसी एक तास पुढे सरकवतं. लिनक्सला ते कळायला मार्ग नाही, तेही सरकवू शकतं.

टोला: उन्हाळी वेळ सगळीकडे कुठे असते? आणि नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपी आहेच की.

अर्धासेल: एनटीपी नेटवर्क आल्यावर. फाइलसिस्टमची तपासणी त्याआधी होते, आणि शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली दिसली की ती तपासणी करणारं ई-टू-एफएससीके कुरकुरतं. विंडोजचंही तेच: साध्या मशीनवर फरक 54000 सेकंदांच्या, म्हणजे 15 तासांच्या वर गेला तर त्याची टाइम सर्व्हिस मूळ सेटिंगमध्ये वेळ दुरुस्तच करत नाही. पण भांडणाआधी फरक मोजा. बरोबर टाइमझोनएवढा असेल तर हा वाद तुमचा. रोज काही मिनिटं मागे पडत असेल किंवा प्लग काढल्यावर वर्षच चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला.

टोला: सेलचं मान्य. पण एका जागी ठेवलेला डेस्कटॉप, उन्हाळी वेळ नाही, टाइमझोन कधी बदलायचा नाही, तर माझं लोकलच राहील.

लंबक: ठेवा. लॅपटॉपवर नको. टाइमझोन एका बाजूला बदलला आणि दुसरीकडे राहिला की परत नऊचे सहा.